पोकळ

हॅन्कॉकच्या वरच्या अंगाला मे महिन्यातही
सावलीत बर्फ असतो, मळका,
कुणी विसरून गेल्यासारखा.
त्याच्या कडेने, ॲस्पेनच्या पाचोळ्यात
आइली नीमेला काठीने पानं उलटते
आणि मला विचारते, आहे का?

तिच्या नजरेच्या मधोमध आता डाग आहे.
कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही.
म्हणून मी.
दर महिन्याला तिचं रक्त काढणारी,
मार्चपर्यंत एवढीच ओळख होती आमची.

आहे, मी म्हणते.
मधाच्या पोळ्यासारखं?
हो. खळगे, आणि खळग्यांना कंगोरे.
चीर.
शेंड्यापासून बुडापर्यंत मी सुरी घालते.
आत काही नाही,
टोपीपासून देठापर्यंत एकच फिकट, गार पोकळी,
आणि एक चुकार मुंगी.
ही मोरेल, ती म्हणते. ही तुझी.

माझ्या भाषेत पोकळ म्हणजे वाईटच.
पोकळ डौल. पोकळ गप्पा. बडा घर पोकळ वासा.
इथे उलटं,
आत काही नसेल तरच खा.

पुढे पाइनखालच्या रेताड जमिनीवर
एक विटकरी, तुकतुकीत,
मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं.
लांबून तसंच. माझीही नजर आधी फसली.
चिरलं तर आत कापूस, कप्पे, कोनाडे,
घरातल्या माणसांपासूनच काही दडवावं तसे.
फेकते ही, मी म्हणाले.
फेकू नकोस. ही माझी. वेगळ्या पिशवीत ठेव.

गुहागरला आत्या अळंबीच्या कालवणात
लसणाची पाकळी टाकायची आणि पायातलं जोडवं.
काळं पडलं नाही की वाढायची.
लसणाला काही कळत नाही
हे मी फार उशिरा वाचलं.
जोडव्यालाही नाही.
आम्ही वाचलो ते आत्याला
नेमकं वारूळ माहीत होतं म्हणून.

परतताना मी आइलीला सगळं सांगितलं.
यातलं विष पोटात जाऊन जे बनतं
ते रॉकेटमध्ये जाळतात. यकृत जातं.
शिजवतानाची वाफसुद्धा नको.
एकदा पचलं म्हणजे पुढच्या वेळी पचेल असं नाही.

ती ऐकत होती, कानांनी नीट, कडेच्या डोळ्यांनी.
मग म्हणाली, आई फिनलंडहून आली
ती हे शिकून आली. दोनदा उकळायचं,
दोन्ही पाणी ओतून द्यायची, खिडकी उघडी.
माझा बाप मात्र खाली तांबं खणायला गेला.
ही टेकडी आतून सगळी पोकळ आहे, पोरी.
तो पोकळीत गेला,
अळंबीनं नाही.

यावर काय बोलणार?
तिच्या अंगणात उभी राहून मी
खिडकीतून निघणारी वाफ बघितली.
सरोवराकडून वारा होता. तो ती घेऊन गेला
शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींवरून.

घरी येऊन माझ्या सगळ्या पुन्हा चिरल्या.
सतरा. सतराही रिकाम्या.
तरी दिव्याखाली धरल्या,
तरी लोण्यात परतताना
एक लसूण टाकलीच. हात ऐकत नाहीत.
चव? ओल्या लाकडाची,
जरा अक्रोडाची. जास्त सांगता येणार नाही,
अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

दहाला फोन केला,
म्हटलं, तुमची काठी माझ्या गाडीत राहिली.
सात वेळा वाजला.
आठव्याला उचलला.

काठी दारामागे आहे, आइली म्हणाली.
मी बरी आहे.
मग जरा थांबून,
तू?